पेनड्राइव्हमधल्या फाइल्सचे शॉर्टकट पुन्हापुन्हा का होतात आणि ते थांबवायचे कसे

पेनड्राइव्ह उघडला की फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. नाहीतर आत एकच वस्तू असते, पेनड्राइव्हच्याच नावाचा शॉर्टकट, आकार 1-2 केबी. फोटो, दाखले, शाळेच्या निकालपत्रकांच्या फाइल्स, सगळं गायब. तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेल्या पेनड्राइव्हची ही नेहमीची तक्रार. कोणीतरी अँटीव्हायरस फिरवून देतं, फाइल्स परत दिसतात, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

पुन्हा होतं, कारण साफ केला जातो तो फक्त पेनड्राइव्ह. उपद्रव करणारा प्रोग्राम मात्र कॉम्प्युटरमध्ये चालूच असतो. कधी तुमच्या, कधी दुकानातल्या, बहुतेकदा दोन्हीकडे. म्हणून आधी कॉम्प्युटर, मग घरातले झाडून सगळे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं, आणि शेवटी बाहेरून होणारी लागण. हा क्रम उलटा केला की मेहनत वाया जाते.

फाइल्स कुठे जातात

कुठेच जात नाहीत. माय कॉम्प्युटर किंवा धिस पीसीमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. आत एकच शॉर्टकट दिसत असताना वापरलेली जागा 6 जीबी दाखवत असेल, तर फाइल्स जागेवर आहेत. तेव्हा फॉरमॅट करू नका. डेटा परत मिळवून देणारं सॉफ्टवेअर विकत घेण्याचीही इथे गरज नाही.

हा वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम, तुमच्या फाइल्सना 'हिडन' आणि 'सिस्टिम' अशा दोन खुणा लावतो. फक्त 'हिडन' असती तर व्ह्यू मेन्यूमधून ती फाइल दिसली असती. 'सिस्टिम' ही खूण लागली की विंडोज ती आपलीच महत्त्वाची फाइल समजून नेहमीच्या सेटिंगमध्ये लपवून ठेवतं. काही जातीचे वर्म सगळा डेटा एका बिननावाच्या फोल्डरमध्ये हलवतात. त्या फोल्डरचं नाव म्हणजे नुसती एक विशेष प्रकारची मोकळी जागा, त्यामुळे ते डोळ्याला रिकामं वाटतं. मग लपवलेल्या प्रत्येक फोल्डरच्या नावाने, फोल्डरचंच चित्र लावून, एक शॉर्टकट तयार होतो.

त्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी वर्म चालू होतो आणि पाठोपाठ खरं फोल्डरही उघडतं. सगळं नेहमीसारखं उघडल्याने वापरणाऱ्याला शंका येत नाही. इतकी वर्षं हा प्रकार टिकून आहे तो याच युक्तीवर. खात्री करायची असेल तर शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटचा रकाना वाचा. तिथे सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट, रनडीएलएल32 किंवा एमएसआयएक्झेक यांपैकी काही दिसलं, तर तो साधा शॉर्टकट नाही.

एक फरक लक्षात घ्या. पेनड्राइव्ह लावल्यावर 'आधी फॉरमॅट करा' असा निरोप येत असेल, किंवा प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा शून्य दिसत असेल, तर हा आजार तो नव्हे. पावसाळ्यात कॉपी चालू असताना लाइट गेली, किंवा पेनड्राइव्ह इजेक्ट न करता ओढून काढला, तर फाइल सिस्टिम बिघडते. कधी ओळखतो, कधी नाही असं होत असेल, तर किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेने यूएसबी पोर्टमध्ये चढलेला गंजही तपासा. त्या दोन्ही ठिकाणी खालचे उपाय लागू पडत नाहीत.

आत्ता लगेच फाइल हवी असेल तर

फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे, रांगेत उभे आहात आणि पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकट दिसताहेत. अशा वेळी अँड्रॉइड फोन उपयोगी पडतो. ओटीजी अडॅप्टरने पेनड्राइव्ह फोनला जोडा आणि फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये उघडा. विंडोजच्या 'हिडन' आणि 'सिस्टिम' या खुणांना अँड्रॉइड विचारत नाही, त्यामुळे खऱ्या फाइल्स थेट दिसतात. बिननावाचं फोल्डरही दिसतं, नावाच्या जागी नुसती मोकळी जागा. विंडोजसाठी लिहिलेला हा वर्म फोनवर चालत नाही. हवी ती पीडीएफ फोनमध्ये कॉपी करा आणि तिथून दुकानदाराला पाठवा. पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर अनेक फोन तो वाचत नाहीत, एवढी मर्यादा आहे.

कॉम्प्युटरला लागण आहे का, याची चाचणी

पेनड्राइव्ह लावा. त्यातला एक शॉर्टकट डबल क्लिक न करता नुसता निवडून डिलीट करा. मिनिटभर थांबा आणि एफ5 दाबा. शॉर्टकट परत आला तर कॉम्प्युटरमध्ये वर्म चालू आहे. तो दर काही सेकंदांनी जोडलेले ड्राइव्ह तपासत असतो आणि पुसलेलं पुन्हा लिहितो. परत आला नाही, तर बहुधा फक्त पेनड्राइव्ह बाधित आहे. 'बहुधा' अशासाठी, की काही वर्म नवा पेनड्राइव्ह जोडला जातानाच काम करतात. म्हणून पेनड्राइव्ह काढून, पुन्हा लावून एकदा पाहा.

कॉम्प्युटर साफ करणे

सगळे पेनड्राइव्ह काढून ठेवा. विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये अपडेट करून घ्या. अपडेट झालं की इंटरनेट बंद करा.

मग त्याच पानावर मॅनेज सेटिंग्जमध्ये जाऊन अगदी खाली एक्स्क्लूजन्स पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच सगळं अडतं. फुकटातलं, क्रॅक केलेलं डिझाइनचं किंवा मराठी फाँटचं सॉफ्टवेअर टाकताना 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं सांगितलेलं असतं, किंवा क्रॅक स्वतःच सबंध सी ड्राइव्ह या यादीत घालून ठेवतो. मग डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, चालू दिसतो, हिरवी खूण दाखवतो आणि सी ड्राइव्हकडे बघतही नाही. यादीत तुम्ही जाणूनबुजून न घातलेलं जे असेल ते काढून टाका. रिअल टाइम प्रोटेक्शन आणि टँपर प्रोटेक्शन दोन्ही चालू आहेत याची खात्री करा. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी ठेवलेले असतील तर एक काढा. मुदत संपलेला दुसरा अँटीव्हायरस मध्ये बसला की कधीकधी डिफेंडरही बंद राहतो.

आता चालू असलेला वर्म थांबवायचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट नावाची, स्क्रिप्ट म्हणजे आज्ञा लिहिलेल्या फाइल्स चालवणारी प्रोसेस सतत चालू दिसली तर संशय पक्का धरा. घरच्या कॉम्प्युटरवर तिला कायम चालू राहायचं काहीच कारण नसतं. एंड टास्क करा. मग स्टार्टअपच्या टॅबवर जाऊन रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा आणि कमांड लाइन हा रकाना चालू करा. अ‍ॅपडेटा किंवा टेंप या फोल्डरांतली, अर्थहीन अक्षरांच्या नावाची, शेवटी व्हीबीएस, व्हीबीई किंवा जेएस असलेली फाइल तिथे दिसली, तर ती नोंद डिसेबल करा. कमांड लाइनमध्ये लिहिलेल्या जागी जा आणि ती फाइल शिफ्ट-डिलीटने पुसा. नुसतं डिसेबल करून सोडू नका.

वर्मची आणखी एक प्रत अनेकदा स्टार्टअप फोल्डरमध्ये असते. विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि आर दाबा. येणाऱ्या खिडकीत इंग्रजीत एस-एच-ई-एल-एल, मग कोलन, मग एस-टी-ए-आर-टी-यू-पी असं सलग टाइप करून एंटर करा. बहुतेकांचं हे फोल्डर रिकामं असतं. नंतर टास्क शेड्यूलर उघडून टास्क शेड्यूलर लायब्ररीत पाहा. दर काही मिनिटांनी चालणारं, आणि अ‍ॅक्शन्समध्ये स्क्रिप्ट होस्ट किंवा अ‍ॅपडेटामधली अनोळखी फाइल असणारं काम दिसलं तर काढून टाका. वर्म गेला असं वाटून तो आठवड्याने उगवतो, तेव्हा कारण बऱ्याचदा इथे सापडतं.

शेवटी स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे वर्मला स्वतःला वाचवायची संधी मिळत नाही. साधारण 15 मिनिटं लागतात. जून ते सप्टेंबर हे काम इन्व्हर्टरवर किंवा पूर्ण चार्ज केलेल्या लॅपटॉपवरच करा, स्कॅन अर्ध्यात लाइट गेली तर पहिल्यापासून करावं लागतं. विंडोज सुरू झालं की टास्क मॅनेजर आणि स्टार्टअप पुन्हा एकदा बघा.

आता पेनड्राइव्ह

डिफेंडरचं फुल स्कॅन नेहमीच्या सेटिंगमध्ये पेनड्राइव्ह तपासत नाही. तो वेगळा तपासावा लागतो: पेनड्राइव्ह लावा, डबल क्लिक न करता राइट क्लिक करा आणि स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर निवडा. विंडोज 11मध्ये हा पर्याय दिसला नाही तर आधी शो मोअर ऑप्शन्सवर जा. स्कॅनने शॉर्टकट आणि स्क्रिप्ट निघतात, पण फाइल्सवरच्या लपवण्याच्या खुणा तशाच राहतात. 'अँटीव्हायरसने माझ्या फाइल्स उडवल्या' हा गैरसमज इथूनच होतो.

त्या खुणा काढायला एकच आज्ञा लागते. पेनड्राइव्हला कोणतं अक्षर मिळालंय ते पाहून ठेवा, जी आहे असं धरू. स्टार्ट मेन्यूतून कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी जी आणि लगेच कोलन टाइप करून एंटर करा. आता ओळीची सुरुवात जीने झाली पाहिजे. सीने होत असेल तर पुढे जाऊ नका. हीच आज्ञा सी ड्राइव्हवर चालली तर विंडोजने मुद्दाम लपवलेल्या फाइल्स उघड्या पडतात आणि नवा घोळ होतो.

ओळ बरोबर असेल तर इंग्रजीत असं टाइप करा: ए-टी-टी-आर-आय-बी, मोकळी जागा, मायनस-एच, मोकळी जागा, मायनस-आर, मोकळी जागा, मायनस-एस, मोकळी जागा, तिरकी रेघ-एस, मोकळी जागा, तिरकी रेघ-डी, मोकळी जागा, आणि शेवटी तारा. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरची, उलटी रेघ नव्हे. तारा शिफ्ट आणि 8 दाबून येतो. एच आणि एस या लपवणाऱ्या खुणा, आर म्हणजे फक्त वाचण्याची खूण. तिरक्या रेघेचा एस आतल्या सगळ्या उपफोल्डरांसाठी आणि डी फोल्डरांसाठी. फाइल्स हजारोंनी असतील तर दोनचार मिनिटं लागतात. सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या फोल्डरला परवानगी नाही असा निरोप आला तर काळजी नको, ते विंडोजचं स्वतःचं फोल्डर आहे.

आता पेनड्राइव्ह उघडा, पण व्ह्यू मेन्यूत डिटेल्स निवडूनच. शॉर्टकटच्या फाइलचा शेवटचा एलएनके विंडोज कधीच दाखवत नाही, एक्स्टेन्शन्स चालू केली तरी. त्यामुळे टाइपचा रकानाच खरं सांगतो. टाइपवर क्लिक करून क्रम लावा. 'शॉर्टकट' लिहिलेलं सगळं पुसा. फोल्डरचं चित्र असून टाइपमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन' लिहिलेलं असेल, तर तो वेष घेतलेला प्रोग्राम आहे. त्याला उघडू नका, पुसा. अनोळखी व्हीबीएस, जेएस, एससीआर फाइल्सही काढा. बिननावाचं फोल्डर दिसलं तर आत जाऊन आपलं सामान कट-पेस्ट करून बाहेर आणा आणि रिकामं फोल्डर पुसा.

त्यानंतर सगळा डेटा कॉम्प्युटरवर कॉपी करून, नीट उघडतोय हे पाहून, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. क्विक फॉरमॅट पुरतं. भजनाची रेकॉर्डिंग साउंड सिस्टिमवर किंवा जुन्या टीव्हीवर लावायची असतील तर फॉरमॅटची पद्धत एफएटी32 ठेवा, जुनी यंत्रं बहुधा तेच वाचतात. मात्र त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत हा पर्याय 32 जीबीपर्यंतच्या ड्राइव्हलाच मिळतो. लग्नाच्या मोठ्या व्हिडिओसाठी एक्सफॅट घ्या.

घरात जितके पेनड्राइव्ह आणि कार्डं आहेत तितक्यांवर हेच करायचं. कपाटात राहिलेला एक जुना पेनड्राइव्ह सगळी लागण पुन्हा परत आणतो. गणपतीला मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी फोटो कॉपी करायला लावलेलं कार्डही यातच मोजा. फोन केबलने जोडला तर त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, म्हणून हे वर्म सहसा त्यात जात नाहीत. पण त्याच फोनचं कार्ड काढून रीडरमध्ये घातलं की ते पेनड्राइव्हसारखंच उघडं पडतं.

दुकानातून पुन्हा लागू नये म्हणून

गावागावांत अजून पेनड्राइव्ह चालतो, कारण कितीतरी वाड्यांवर मोबाइलची रेंज धड मिळत नाही. त्यामुळे 'पेनड्राइव्ह वापरूच नका' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. त्याऐवजी मोठ्या आकाराचं एसडी कार्ड, किंवा मायक्रो एसडी आणि त्याचा मोठा अडॅप्टर, आणि एक यूएसबी कार्ड रीडर वापरा. कार्डाच्या कडेला लॉकची बारीक पट्टी असते. लॉककडे सरकवली की कार्डावर काही लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. दुकानात नेण्यापूर्वी लॉक करा. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये वर्म असला तरी त्याला शॉर्टकट लिहिता येणार नाही. हे लॉक पाळायचं काम रीडरचं असतं आणि काही स्वस्त रीडर ते पाळत नाहीत. म्हणून घरी एकदा लॉक करून नवीन फोल्डर बनवून बघा. राइट प्रोटेक्टेड असा निरोप आलाच पाहिजे.

रेंज असेल तिथे पीडीएफ दुकानदाराच्या नंबरवर पाठवणं सोपं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर आपलं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं असेल, तर निघण्यापूर्वी फोनमध्ये लिंक्ड डिव्हायसेसमधून ते लॉगआउट करा. आधार द्यायचं असेल आणि चालत असेल, तर शेवटचे 4 आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्या.

दोन जुने उपाय अजून सांगितले जातात, ते सोडून द्या. एक, पेनड्राइव्ह लावताना शिफ्ट दाबून धरणे. दुसरा, ऑटोरन नावाचं रिकामं फोल्डर बनवून पेनड्राइव्हला 'लस' देणे. पेनड्राइव्ह लावताच आपोआप काही चालू होण्याची सोय विंडोज 7मध्येच काढून टाकली होती, आणि एक्सपी व व्हिस्टासाठी फेब्रुवारी 2011मध्ये तसं अपडेट आलं. आजचे वर्म त्या वाटेने येतच नाहीत. आपण शॉर्टकटवर क्लिक करण्याची ते वाट पाहतात.

दुकानदार आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी

तुमच्या एका कॉम्प्युटरमधून सगळ्या तालुक्याला लागण होऊ शकते, म्हणून हे नीट वाचा. ग्राहकांचे पेनड्राइव्ह लावायला एक जुना कॉम्प्युटर वेगळा काढा आणि त्यावर लिनक्स मिंट टाका. ते फुकट आहे. विंडोजचे शॉर्टकट आणि स्क्रिप्ट तिथे चालत नाहीत, लपवलेल्या फाइल्स आपोआप दिसतात आणि पीडीएफची प्रिंट थेट निघते. विंडोज 7चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, 14 जानेवारी 2020 रोजी संपला, विंडोज 10चा 14 ऑक्टोबर 2025 रोजी. जुनं मशीन त्यावर ओढत राहण्यापेक्षा हा मार्ग बरा.

विंडोजच ठेवायचं असेल तर स्क्रिप्ट होस्ट बंद करा. व्हीबीएस फाइल नोटपॅडमध्ये उघडेल असं सेटिंग करून भागत नाही, कारण शॉर्टकट स्क्रिप्ट होस्टला थेट नावाने बोलावतो. रजिस्ट्री एडिटर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज असं आत जा. उजवीकडे नवी 32 बिटची डीवर्ड व्हॅल्यू बनवा, नाव इंग्रजीत ई-एन-ए-बी-एल-ई-डी, किंमत 0. यापुढे अशी फाइल चालवायचा प्रयत्न झाला की स्क्रिप्ट होस्ट बंद असल्याचा निरोप येतो. एखादं सॉफ्टवेअर टाकताना अडचण आली तर तेवढ्यापुरती किंमत 1 करा. विंडोज 11च्या 24एच2 आवृत्तीत व्हीबीस्क्रिप्ट, म्हणजे व्हीबीएस फाइल्स ज्यात लिहितात ती भाषा, हे ऑप्शनल फीचर्समधून काढूनही टाकता येतं. मायक्रोसॉफ्टने ते हळूहळू बंद करणार असल्याचं ऑक्टोबर 2023मध्येच जाहीर केलं आहे. रनडीएलएल32 किंवा एमएसआयएक्झेक वापरणारे वर्म याने थांबत नाहीत, त्यांच्यासाठी डिफेंडर जागा असणंच महत्त्वाचं. सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं 'यूएसबी प्रतिरोध' हे मोफत साधनही आहे. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे ते फेब्रुवारी 2017मध्ये उपलब्ध झालं आणि कोणता पेनड्राइव्ह चालू द्यायचा हे त्यातून ठरवता येतं.

या घराण्यातले कित्येक वर्म नुसते फाइल्स लपवून थांबत नाहीत. 2014मध्ये मायक्रोसॉफ्टने ज्यांच्यावर न्यायालयामार्फत कारवाई केली ते जेनक्सकस आणि ब्लाडाबिंडी कॉम्प्युटरचा ताबा दूरवरच्या माणसाच्या हाती देतात. ब्लाडाबिंडी तर टाइप केलेली अक्षरंही टिपतो. म्हणून लागण झालेल्या कॉम्प्युटरवर वापरलेले पासवर्ड, म्हणजे सेवा केंद्राचं लॉगिन, बँक, ईमेल, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला. डिजिटल सहीचं टोकन त्याला लावलेलं असेल तर त्याचा पिनही बदला आणि टोकन कायम लावून ठेवायची सवय मोडा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी तक्रार गेली तरच ते गोठवता येण्याची शक्यता राहते.